एक कोयता आणि साहेबांची लीडरशिप

आमच्या प्रयोगशाळेत मुद्देमाल साठायचा, तसे किस्सेही साठत गेले. मुद्देमालाचं एक बरं असतं. कोर्टाचा हुकूम आला की पोलीस येऊन तो परत घेऊन जातात. किस्से कुणी परत नेत नाही! आता माझी बदली झाली आहे, साहेब निवृत्त झाले आहेत, आणि तुम्ही चहा ठेवला आहे. मग ऐकाच.

आधी आमची ओळख करून देते. गुन्ह्याच्या जागी रक्त, विष, केस, माती असं काय काय सापडतं, ते तपासणारी आमची संस्था. नावात 'राष्ट्रीय' आहे. तिचं एक केंद्र जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ निघालं. ओतूरलाच का, याचं शास्त्रीय कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. नवीन इमारत होईपर्यंत आम्हाला कांद्याच्या एका जुन्या गोदामात बसवलं होतं. ती इमारत अजून व्हायची आहे. नवा माणूस आत आला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही म्हणायचो, "होईल सवय. कांद्याची पण आणि आमची पण!"

मी रक्त तपासायची. बाजारात मला 'रक्तवाल्या म्याडम' म्हणत. ओस्तवाल विष तपासायचे. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण पिढ्यान् पिढ्या मंचरला किराणा दुकान. दुकानावर कुणी विचारलं की त्यांचे वडील "पोरगा केमिकलमध्ये आहे" एवढंच सांगायचे. किराणावाल्याचा मुलगा विषात आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकायचं कसं? जुन्नरचे शकीलभाई मुद्देमालाची खोली सांभाळायचे. आणि आम्हा सगळ्यांच्या वर होते सरमुकादम साहेब.

* * *

साहेब केंद्राचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं, "मी इथं सायंटिस्ट म्हणून आलेलो नाही. लीडर म्हणून आलोय. सायन्स तुम्ही करा, लीडरशिप माझ्यावर सोडा!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. तसे साहेब डॉक्टर होते. डॉक्टरेट कशात, असं विचारलं की "मटेरियल्स" म्हणायचे आणि विषय बदलायचे. ओस्तवालांनी शोध लावला. खताच्या पोत्यावरची शाई पावसात किती टिकते, यावर साहेबांचा प्रबंध होता. विषय काही वाईट नव्हता, शेतकऱ्याच्या उपयोगाचाच होता. फक्त त्यानंतर साहेब प्रयोगशाळेत शिरले ते थेट फीत कापायला.

मीटिंग झाली आणि साहेब राउंडला निघाले. माझ्या टेबलापाशी थांबले. मायक्रोस्कोपकडं बोट करून म्हणाले, "बघू तरी काय चाललंय!" मी पुढं होऊन दिवा लावणार, तेवढ्यात ते वाकलेसुद्धा. बराच वेळ बघत राहिले. मागं सगळा स्टाफ श्वास रोखून उभा.

मग साहेब सरळ झाले आणि म्हणाले, "एक्सलंट! फायबर्स अगदी स्पष्ट दिसतायत. काळे आहेत. थोडे वळलेले."

दिवा बंद होता. काचेवर काहीच ठेवलेलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या होत्या.

साहेब पुढच्या खोलीत गेल्यावर ओस्तवाल हळूच माझ्या कानाशी आले. "मॅडम, पहिल्याच दिवशी माणूस स्वतःकडं एवढं निरखून बघतो म्हणजे मोठीच गोष्ट आहे!"

* * *

त्याच सुमारास, दिवाळी होऊन थोडे दिवस झाल्यावर, तो कोयता आमच्याकडं आला. इथून पुढं जे जे सांगणार आहे, त्या सगळ्यात तो आहे.

डोंगरातल्या आहुप्याचा दगडू नावाचा माणूस कड्याखाली मरून पडलेला सापडला. डोक्याला जखम; पडून झाली की कुणी मारून, ते सांगता येईना. आदल्या दिवशी बांधावरून त्याचं शेजारच्या किसनशी भांडण झालं होतं, सगळ्या गावासमोर. पोलीस किसनच्या घरी गेले, तर दाराआड रक्त लागलेला कोयता. किसन म्हणाला, "देवाला बोकड दिला, त्याचं हाय." पोलीस म्हणाले, "ते लॅब ठरवेल." किसनला आत टाकलं आणि कोयता आमच्याकडं पाठवला.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की रक्त बोकडाचं की माणसाचं. माझ्या आयुष्यात इतका सोपा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. फ्रिजमध्ये एक औषध असतं, अँटिसीरम. रक्ताचा थोडा अर्क काढायचा आणि त्या औषधासमोर ठेवायचा. माणसाचं रक्त असेल तर पांढरी रेघ उमटते. बोकडासाठी वेगळी बाटली असते. सगळं मिळून दुपारभराचं काम.

मी पार्सल उघडायला घेतलं आणि साहेबांचं परिपत्रक आलं : 'यापुढे प्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही कशालाही हात लावू नये.' वर आणखी म्हणजे, पार्सलला लाख लावून मारायचा पितळी शिक्का साहेबांनी शकीलभाईंकडून काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. लीडरशिप!

मी परवानगीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "मर्डर केस आहे. अशी घाईघाईनं नको. याचं प्रॉपर प्लॅनिंग करू."

किसनची आई ठमाबाई त्याच आठवड्यात पहिल्यांदा आली. दर उन्हाळ्यात रानातला हिरडा वेचून विकायचा, त्यावर मायलेकांचं वर्ष निघायचं. आहुप्याहून एसटीनं घोडेगाव, तिथून पुढं गाड्या बदलत बदलत ओतूर. दाराशी चपला काढून आत आली. मी म्हटलं, "आजी, चपला घाला, इथं काचा असतात." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. माझ्या पोराचा न्याव हितं व्हनार ना? मग देऊळच की ह्ये." मी तिला बसवलं, पाणी दिलं. जाताना तिनं विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "होईल लवकर." त्यानंतर ती येतच राहिली. प्रत्येक वेळी हाच प्रश्न आणि माझं हेच उत्तर. तिच्याकडं बघून बोलणं मला दर खेपेला अवघड होत गेलं.

* * *

प्लॅनिंग झालं. साहेबांनी ठरवलं की टीम घेऊन घटनास्थळी जायचं. मी म्हटलं, "सर, रक्त कोयत्यावर आहे. कोयता इथं आहे." साहेब म्हणाले, "मॅडम, लीडर खुर्चीत बसून राहत नाही!" आणि एका चॅनेलच्या पत्रकाराला फोन लावला.

आहुप्याला पोचलो. दगडू सापडला त्या कड्याच्या वर गावाची देवराई आहे. साहेबांना तिथली माती हवी होती, पानं हवी होती, झाडाची सालही हवी होती. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण कॅमेरा सुरू होता. साहेबांनी पिशवी उघडली आणि एक म्हातारे गावकरी काठी टेकत पुढं आले.

"सायेब, ह्या राईतलं वाळलं पान बी आमी भाईर नेत न्हाई. देवाचं हाय."

साहेब म्हणाले, "हे राष्ट्रीय काम आहे, बाबा."

"आसंल की. पर राई देवाची हाय. त्याला इचारावं लागंल."

झालं! देवाला कौल लावायचा ठरला. दगडाच्या देवाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर परवानगी, डावी पडली तर नाही. म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, हे सरकारी सायेब तुजी माती मागाया आल्यात, काय आसंल ते सांग." सगळे हात जोडून उभे. ठमाबाईही गर्दीत होती.

पाकळ्या काही पडेनात. साहेबांनी घड्याळ बघितलं, कॅमेरावाल्याकडं बघितलं, आणि वैतागून विचारलं, "किती वेळ लागतो हो याला?"

ठमाबाई मागून म्हणाली, "पडंल सायेब आत्ताच. ह्यो देव हाय, हापिस न्हाई."

आणि खरंच पडली. डावी!

साहेबांनी मोठ्या मनानं निर्णय मान्य केला आणि ताडताड निघाले. तेवढ्यात म्हाताऱ्यानं पुन्हा काठी आडवी धरली. राईतून येता येता साहेबांच्या मोज्यांना कुसळं चिकटली होती. तीही राईतलीच. परवानगीशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हती.

राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख दगडावर बसले, बूट काढले आणि मोज्यातलं एकेक कुसळ चिमटीनं उपसून राईत परत टाकायला लागले. म्हातारे वाकून तपासत होते. "ह्ये ऱ्हायलं. ह्ये बी ऱ्हायलं." चॅनेलवाल्यानं सगळं शूट केलं. बातमी कधी लागली नाही, पण त्याच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ आंबेगाव तालुक्यात घरोघर पोचला.

परतताना गाडीत, घोडेगाव मागं पडल्यावर ओस्तवाल म्हणाले, "सर, एक मात्र मानलं पाहिजे. तुम्ही सँपल गोळा करताना मी आज पहिल्यांदाच बघितलं."

* * *

उन्हाळ्यात वरून पत्र आलं, वीज वाचवा. अशा पत्रांवर बाकीची ऑफिसं काय करतात? संडासातला एक बल्ब काढतात. आमचे साहेब लीडर होते. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी स्वतः मेन स्विच बंद केला आणि सोमवारी सकाळी स्वतः चालू केला.

मी सोमवारी फ्रिज उघडला. माझं अँटिसीरम, दोन्ही बाटल्या, दूध नासावं तसं नासून बसलेलं. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात दुसरं होणार काय? ओस्तवालांच्या फ्रिजातला व्हिसेरा, म्हणजे विष तपासायला आलेले मृतांचे अवयव, तर विचारूच नका. त्या दिवशी गोदामाला कांद्याचा वास येत नव्हता, एवढंच सांगते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगते, माझा आवाज चढला होता. "सर, फ्रिज बंद केलात! त्यात अँटिसीरम होतं. एक माणूस त्या औषधासाठी जेलमध्ये बसलाय!"

साहेबांनी शांतपणे मला बसायला सांगितलं. म्हणाले, "मॅडम, इमोशनल होऊ नका. फ्रिज हा थंड ठेवण्यासाठी असतो, बरोबर?"

"हो सर."

"आणि तो शुक्रवारी थंड होता?"

"होता सर."

"मग दोन दिवस दार उघडलंच नाही, तर थंडावा जाईल कुठं?"

मी नव्या अँटिसीरमची मागणी लिहून दिली. मागणीवर सही व्हायला वेळ लागला, कारण साहेब दिल्लीला गेले होते. वीज बचतीत पश्चिम विभागात आमचं केंद्र पहिलं आलं होतं! ढाल घेऊन परत आले आणि ती ढाल माझ्या फ्रिजवर ठेवायला लावली. "इथं शोभते," म्हणाले.

ठमाबाई आली. "झालं का?" मी तिला काय सांगणार होते? औषध नासलं म्हणून? मी म्हटलं, "होईल." तिनं मान हलवली. फ्रिजवरची ढाल बघून विचारलं, "ह्ये काय म्हनायचं?" मी म्हटलं, "बक्षीस मिळालंय आम्हाला." म्हातारीचा चेहरा उजळला. "चांगली मान्सं हायेत तुमी," म्हणाली. तेव्हा मात्र मला तोंड लपवावंसं वाटलं.

* * *

मागणी पुण्याला, पुण्याहून दिल्लीला, असं चाललं असताना साहेबांना टीम बिल्डिंगची आठवण झाली. पाऊस जरा ओसरला होता, आण्याचं पठार हिरवंगार. तिथं एका शाळेच्या मैदानावर दिवसभराचं शिबिर. टोप्या वाटल्या. टोप्यांवर 'विश्वास' छापलेलं.

शेवटचा खेळ विश्वासाचाच होता. एकानं स्टुलावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि पाठ करून मागं पडायचं. बाकीच्यांनी झेलायचं. कोण पहिला? सगळे टोप्यांशी खेळायला लागले. साहेब म्हणाले, "लीडर नेहमी पहिला!" आणि चढले स्टुलावर.

खाली आम्ही गोल करून उभे होतो. साहेबांनी डोळे मिटले, छातीवर हात बांधले, मोठ्यानं म्हणाले, "माझा माझ्या टीमवर पूर्ण विश्वास आहे!" आणि दिलं झोकून.

साहेब धाडकन जमिनीवर!

कुणाचे हात पुढं आले नाहीत असं नाही. आले. पण अर्ध्यात थबकले. मी आजही शपथेवर सांगेन, त्यात कट वगैरे काही नव्हता. एवढे महिने आम्हाला एकच वळण लागलं होतं. साहेबांना उठवून गाडीत घातल्यावर, शाळेच्या मास्तरांनी शकीलभाईंना रागानं विचारलं, "अहो, पडणाऱ्या माणसाला धरायचं नाही का?"

शकीलभाई अगदी मनापासून म्हणाले, "धरलं आसतं की मास्तर. पर लेखी परवानगीबिगर कशालाच हात लावायचा न्हाई, आशी साहेबांचीच आर्डर हाय!"

साहेबांची पाठ आखडली. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं. आम्ही हसलो, नाही असं नाही. पण मग लक्षात आलं की सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. साहेबांची पाठ सरळ होईपर्यंत किसनचा कोयता जागचा हलणार नव्हता. मग मात्र आम्ही आळीपाळीनं त्यांच्या घरी जाऊन पाठीला तेल चोळलं असतं, इतके काळजीत पडलो.

* * *

साहेब बरे झाले. मंजूर होऊन आलेल्या मागणीवर त्यांची शेवटची सही झाली. अँटिसीरम आलं ते नवरात्रात. मी साहेबांच्या मागं लागून लेखी परवानगी घेतली आणि अष्टमीला दुपारी शेवटी ते पार्सल उघडलं. पात्यावरचं आणि मुठीच्या खाचेतलं रक्त भिजवून अर्क काढला, नळ्यांत भरला, नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. फ्रिज चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघितलं. राहता राहिला कोयता. तो पुन्हा सील करायला पितळी शिक्का हवा, शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब निघून गेलेले. मी कोयता कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात जमा केली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी म्हणजे खंडेनवमीला.

आता खंडेनवमीला आपल्याकडं काय करतात, हे मी तुम्हाला काय सांगू? ट्रॅक्टर धुतात, मोटारीला हार घालतात, लोहार ऐरण पुजतो, शिंपी मशीन पुजतो. मी घरी सुरी-विळी पुजून नैवेद्याच्या मागं होते, तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा फोटो आला. साहेब सोवळ्यात. खाली ओळ : 'प्रयोगशाळेत शस्त्रपूजन उत्साहात संपन्न.' मायक्रोस्कोपला हार. सेंट्रिफ्यूजवर नारळ. ओस्तवालांच्या मोठ्या मशीनला आंब्याची डहाळी. आणि मधोमध पाटावर, झेंडूच्या फुलांत, हळदीकुंकवानं माखलेला किसनचा कोयता!

मी हातातला झारा टाकून निघाले. पोचले तेव्हा शकीलभाई दारातच होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "म्याडम, लई वंगाळ झालं. म्या सांगत व्हतो, साहेब म्हनले मशीन काय शस्त्र आसतंय व्हय, खरं शस्त्र ह्येच हाय!"

साहेब आत प्रसाद वाटत होते. मी फक्त कोयत्याकडं बोट केलं. त्यांनी बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कोयत्याकडं बघितलं. कुठंतरी ट्यूब पेटली असावी. चेहरा उतरला. आणि मग देशातल्या एका राष्ट्रीय फॉरेन्सिक केंद्राच्या प्रमुखानं, खुनाच्या केसमधल्या कोयत्याबद्दल, माझ्या डोळ्यांदेखत हुकूम दिला, "नळाखाली धरा पटकन. स्वच्छ धुऊन टाका!"

ओस्तवालही फोटो बघून येऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "सर, आत्तापर्यंत हे काम फक्त आरोपीच करायचे."

मी कोयता कुणाला धुऊ दिला नाही. कुंकवासकट कागदात गुंडाळला. सगळे गेल्यावर त्याच दुपारी फ्रिजमधल्या नळ्या काढल्या. नळ्या आदल्या दिवशीच्या, कुंकवाच्या आधीच्या, हे किसनचं नशीब म्हणा. माणसाच्या अँटिसीरमसमोर काहीच उमटलं नाही. बोकडाच्या समोर ठसठशीत पांढरी रेघ! सण होता, ऑफिस रिकामं होतं, आणि मी एकटी त्या रेघेकडं बघून रडले.

मी रिपोर्ट लिहिला, त्यात कुंकवाचंही लिहिलं. साहेबांनी तो पुढं पाठवायला नकार दिला. "निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच लिहा," म्हणाले. मी नाही म्हटलं. मग ते असं बोलले की मला त्यांच्यावर नीट रागावताही येईना. "मॅडम, माझ्या सगळ्या नोकरीत मला वरून कुणी उत्तर विचारलंच नाही हो. किती केसेस संपवल्या, एवढंच विचारतात."

रिपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला, शिक्क्याच्या शेजारी, आणि पुढचा उन्हाळा उलटेपर्यंत तिथंच राहिला. शेवटी कोर्टाचंच समन्स आलं.

* * *

आता शेवटचा किस्सा. यात किसन सुटला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं सगळं लक्ष तिकडं राहील.

समन्स माझ्या नावाचं होतं. साहेब म्हणाले, "राष्ट्रीय संस्थेच्या वतीनं प्रमुखानंच उभं राहायचं असतं." कोट घालून आले. गाडीत मी मागं बसले. कोर्टात पोचलो, तर किसन पिंजऱ्यात उभा, ठमाबाई अगदी शेवटच्या बाकावर. याही वेळी तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

साहेबांनी शपथ घेतली. किसनची वकील सरकारनं दिलेली, कोवळी पोर. तिनं विचारलं, "या कोयत्यावरचं रक्त तुम्ही तपासलंत?"

"तपासणी माझ्या नेतृत्वाखाली झाली."

"म्हणजे तुम्ही तपासलंत?"

"मी दिशा दिली."

जज्जसाहेब लिहिता लिहिता थांबले. "दिशा दिलीत, ठीक आहे. रक्त कुणाचं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "त्याबाबत आमच्या टीमचं असं मत आहे, की..."

"टीममधलं कुणी आलंय?"

मी हात वर केला. जज्जसाहेब साहेबांना म्हणाले, "तुम्ही बसा. बाई, तुम्ही या."

मी सांगितलं. रक्त बोकडाचं आहे, माणसाचं अजिबात नाही. मागच्या बाकावर ठमाबाईनं पदर तोंडात घेतला. सरकारी वकील उठले. कोयता वर धरून म्हणाले, "मग हा लाल रंग कसला?"

"कुंकू."

"आरोपीनं लावलं?"

"नाही. आमच्याकडं लागलं. खंडेनवमीला."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे पुराव्याची पूजा झाली?"

"हो सर. यथासांग."

कोर्टात हशा पिकला. साहेब खाली मान घालून बसले होते. हशा विरल्यावर जज्जसाहेबांनी मला विचारलं, "या चाचणीला वेळ किती लागतो?"

"एक दुपार, सर."

"मग एवढा उशीर कसा?" हा प्रश्न त्यांनी साहेबांकडं वळून विचारला.

साहेब उठले. हा प्रश्न त्यांच्या हक्काचा होता. कोटाचं बटण लावलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खणखणीत झाला. "सर, उशीर म्हणता येणार नाही. आमच्या केंद्राला याच वर्षी कामाच्या वेगाचा पुरस्कार मिळालाय. पार्सल उघडल्याशिवाय केस सुरू झाली असं आम्ही धरत नाही. त्यामुळं आमच्याकडं आज एकही केस पेंडिंग नाही. झीरो!"

जज्जसाहेब पिंजऱ्याकडं वळले. "किसन, तू कधीपासून आत आहेस?"

किसन गोंधळला. त्याला आजवर त्या कोर्टात थेट कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं, मग जज्जांकडं.

"तारीक न्हाई सांगता यायची सायेब. पर दोन बारीला हिरडा झाला. दोनी बारीला आयनं येकटीनं येचला."